माहीमचा उपसागर आणि नागरी स्वयंसेवा : किनारा संरक्षणाच्या तीन प्रवाहांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील माहीमचा उपसागर हा या महानगराच्या सांडपाण्याचा व कचऱ्याचा शेवटचा मुक्काम ठरला आहे. या उपसागराच्या व त्यालगतच्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी नागरिकांनी गेल्या सुमारे पन्नास वर्षांत निरनिराळ्या मार्गांनी प्रयत्न केले. उपजीविकेसाठी किनाऱ्याशी बांधलेला कोळी समाज, न्यायालयाची पायरी चढणारे सुशिक्षित नागरिक आणि २०१५ नंतर हातमोजे घालून प्रत्यक्ष वाळूत उतरलेले स्वयंसेवक असे हे तीन प्रवाह होत. प्रस्तुत शोधनिबंधात या तिन्ही प्रवाहांचा ऐतिहासिक क्रमाने मागोवा घेतला असून, श्रमदानाची शक्ती व तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. हाताने उचलता येणारे प्रदूषण आणि हाताने उचलता न येणारे प्रदूषण यांतील भेद लक्षात घेतल्याखेरीज स्वयंसेवेचे खरे मूल्यमापन होऊ शकत नाही, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : माहीमचा उपसागर, मिठी नदी, श्रमदान, कोळीवाडा, किनारा नियमन, नागरी चळवळ.

प्रस्तावना :

महाराष्ट्रास सुमारे ७२० कि.मी. लांबीचा सागरकिनारा लाभला आहे, असे शालेय पाठ्यपुस्तकांपासून सांगितले जाते. या किनाऱ्याचा इतिहास लिहिताना बंदरे, किल्ले, व्यापार आणि आरमार यांचा विचार प्रामुख्याने झाला. किनारा हा प्रदूषणाचा बळी कसा ठरला आणि त्याला वाचविण्यासाठी सामान्य माणसांनी काय केले, हा विषय मात्र इतिहासलेखनाच्या कक्षेत उशिरा आला. पर्यावरणाचा इतिहास ही स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून मान्यता पावल्यानंतरही मराठीतील लेखन बहुतांशी जंगल, धरण आणि विस्थापन या प्रश्नांभोवती राहिले आहे.

माहीमचा उपसागर या दृष्टीने अभ्यासास विशेष योग्य आहे. उत्तरेस वांद्र्याचे टोक व दक्षिणेस वरळीचे टोक यांच्यामध्ये हा उपसागर पसरला आहे. वांद्रे, माहीम आणि वरळी या तीन किल्ल्यांची त्यावर एके काळी नजर होती. मधु मंगेश कर्णिक यांच्या 'माहीमची खाडी' या कादंबरीमुळे खाडीकाठचे जीवन मराठी वाचकांस परिचित झाले. वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला आणि तेव्हापासून रोज हजारो वाहने या उपसागरावरून जातात. सेतूवरून दिसणारा देखणा जलविस्तार आणि किनाऱ्यावर उभे राहिल्यावर दिसणारे दृश्य यांतील अंतर हाच या अभ्यासाचा प्रारंभबिंदू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) माहीम उपसागराच्या प्रदूषणाची ऐतिहासिक कारणे शोधणे.
२) किनारा संरक्षणाच्या नागरी प्रयत्नांतील प्रमुख प्रवाह स्पष्ट करणे.
३) २०१५ नंतरच्या श्रमदान मोहिमांचे यश व मर्यादा तपासणे.
४) किनाऱ्यापासून दूर असलेल्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांना या अनुभवातून काय घेता येईल, याचा विचार करणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून, विवेचन प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारित आहे. अभ्यासाचा मुख्य भर माहीमच्या उपसागरावर आहे. तथापि तुलनेसाठी वेसावे (वर्सोवा) येथील किनारा आणि परदेशातील दोन उदाहरणे विचारात घेतली आहेत.

उपसागराची घडण आणि प्रदूषणाचा उगम :

'महिकावतीची बखर' ही वि. का. राजवाडे यांनी संपादित करून १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. या बखरीत माहीमचा संबंध बिंब राजाशी जोडलेला आहे. म्हणजे ज्या सात बेटांतून पुढे मुंबई घडली, त्यांतील माहीम हे एक जुने व महत्त्वाचे ठाणे होते. बेटांच्या दरम्यान भरतीचे पाणी खेळत असे आणि ओहोटीबरोबर घाण समुद्रात खेचली जात असे. भराव आणि बांध यांनी हा निसर्गक्रम बदलला. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा पूल १८४५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यासाठी लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपयांची देणगी दिली होती. खाडी ओलांडताना होड्या उलटून होणारी जीवितहानी त्यामुळे थांबली. ही लोकोपयोगी घटना होती, यात शंका नाही. मात्र पूल आणि त्याच्या दोन्ही बाजूंस कालांतराने पडत गेलेले भराव यांमुळे खाडीचे मुख अरुंद झाले.

या खाडीस येऊन मिळणारी मिठी नदी विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि सुमारे १८ कि.मी. वाहत माहीमला येते. १९०९ च्या मुंबई गॅझेटिअरमध्ये धारावीची नोंद मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक अशी आहे. त्याच धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्मोद्योग स्थिरावला. विसाव्या शतकात साकीनाका व कुर्ला परिसरात भंगार व्यवसाय, तेलाची पिंपे धुण्याचे व्यवसाय, लहान कारखाने आणि गोठे नदीकाठी वाढले. नदीकाठी वसलेल्या दाट वस्त्यांना मलनिःसारण वाहिन्यांची सोय मिळाली नाही. नदी आपोआपच गटार बनली. विमानतळाच्या विस्तारासाठी प्रवाहास काटकोनात वळणे देण्यात आली. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी दलदलीच्या व खारफुटीच्या जमिनीवर भराव घालण्यात आला. पूर सामावून घेणारी आणि घाण गाळणारी नैसर्गिक व्यवस्था अशा रीतीने क्षीण होत गेली.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. माहीमच्या किनाऱ्यावर येणारा कचरा माहीमच्या रहिवाशांनी टाकलेला असतोच असे नाही. तो कित्येक कि.मी. अंतरावरून नदी-नाल्यांमधून येतो, उपसागरात काही काळ फिरतो आणि भरतीबरोबर वाळूवर येऊन पडतो. प्रदूषण करणारा आणि प्रदूषण सोसणारा यांची परस्परांशी गाठ पडत नाही. स्वयंसेवकांच्या पुढे उभ्या राहिलेल्या जवळजवळ सर्व अडचणींचे मूळ या वस्तुस्थितीत आहे.

पहिला प्रवाह : कोळीवाडे

किनाऱ्याचे पहिले राखणदार म्हणून कोळी समाजाचा उल्लेख करावा लागतो. नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून नव्या हंगामास आरंभ करणाऱ्या या समाजाचे समुद्राशी असलेले नाते केवळ भावनेचे नाही. जाळ्यात मासळीऐवजी प्लॅस्टिक आले, तर त्या दिवसाचे डिझेल, बर्फ आणि श्रम वाया जातात. त्यामुळे किनारा घाण झाल्याची पहिली आर्थिक नोंद कोळ्याच्या घरात होते.

माहीम, वरळी, खारदांडा आणि वेसावे येथील कोळीवाड्यांनी मासळी घटल्याची तक्रार दीर्घकाळ केली आहे. ६ जानेवारी २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे सर्वेक्षण व नकाशे करण्याविषयी विशेष तरतूद आली. मच्छीमार संघटनांनी आपल्या अस्तित्वाची दखल घेण्यास शासनास भाग पाडल्याचे ते फलित होते. तथापि या तरतुदीचा रोख वस्ती व जमीन यांकडे होता. पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न त्यात गौण राहिला. कोळी समाजाने किनाऱ्याचे रक्षण आपला हक्क म्हणून मागितले. शहरातील इतर नागरिकांना मात्र ती एका जातीची वा व्यवसायाची मागणी वाटली. हे अंतर पुढील दोन प्रवाहांतही पूर्णपणे मिटले नाही.

दुसरा प्रवाह : याचिका आणि कायदा

मुंबईच्या किनाऱ्यावरील भरावाविरुद्ध नागरी आवाज उठविण्याची परंपरा जुनी आहे. १९२० च्या दशकात बॅक बे भराव योजनेतील गैरकारभार खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. त्यातून उद्भवलेला हार्वी-नरिमन अब्रुनुकसानीचा खटला गाजला आणि त्यात नरिमन निर्दोष ठरले. पुढे १९७० च्या दशकात त्याच परिसरातील भरावास 'सेव्ह बॉम्बे कमिटी'सारख्या संघटनांनी विरोध केला. शाम चैनानी यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये 'बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप' ही संस्था स्थापन झाली. शासकीय कागदपत्रांचा काटेकोर अभ्यास आणि न्यायालयीन पाठपुरावा ही या संस्थेची कार्यपद्धती राहिली.

राष्ट्रीय पातळीवर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्याची सूचना केली. त्या विचारास १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने कायद्याचे रूप दिले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी खारफुटीच्या तोडीस मनाई करणारा अंतरिम आदेश दिला आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने त्यास अधिक दृढ स्वरूप दिले. दरम्यान २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला होता.

खाडीकाठी घडलेले एक विधायक उदाहरणही याच काळातले आहे. धारावीलगत मिठीच्या काठावर असलेली जुनी कचराभूमी बंद झाल्यावर त्या जागी वनराई उभारण्याची कल्पना निसर्गप्रेमी नागरिकांनी मांडली. सुमारे ३७ एकरांचे ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर जंगल उभे राहू शकते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होय.

कायद्याच्या मार्गाचे सामर्थ्य असे की, एका निकालाने सबंध राज्याच्या कांदळवनास संरक्षण मिळते. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. न्यायालय भराव थांबवू शकते, कुंपण घालण्याचा आदेश देऊ शकते. परंतु रोजच्या भरतीबरोबर येणारी पिशवी थांबविणे न्यायालयाच्या हाती नसते. शिवाय ही लढाई बव्हंशी इंग्रजीतून आणि मोजक्या जाणकारांकडून चालली. किनाऱ्यावर राहणारा सामान्य मनुष्य तिचा लाभार्थी होता, सहभागी नव्हता.

तिसरा प्रवाह : श्रमदान

हातात झाडू घेऊन सार्वजनिक जागा स्वच्छ करणे हे महाराष्ट्राला नवे नाही. सेनापती बापट यांनी पारनेर येथे रस्ते झाडण्याचे व्रत घेतले होते; माहीम-दादर भागातील एका प्रमुख मार्गास आज त्यांचे नाव आहे. संत गाडगे महाराज (१८७६-१९५६) यांनी दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनातून मने स्वच्छ करण्याचा प्रयत्न केला. २००० च्या सुमारास राज्य शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने श्रमदान महाविद्यालयीन जीवनात आणले. मुंबई महापालिकेनेही १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गल्लीपातळीवरील नागरिकांच्या स्वच्छता गटांना मान्यता देण्याची योजना राबविली. ही सर्व पार्श्वभूमी लक्षात घेता समुद्रकिनाऱ्यावरील मोहिमा अचानक उद्भवल्या नाहीत, हे ध्यानी येते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली आणि मिठीच्या काठाने हाहाकार उडाला. शहराला आपल्या मधोमध एक नदी आहे, याची जाणीव अनेकांना त्या दिवशी प्रथमच झाली. नाले तुंबण्यास प्लॅस्टिकच्या पिशव्या कारणीभूत ठरल्याची चर्चा झाली. १९ ऑगस्ट २००५ रोजी मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने आपला अहवाल २००६ मध्ये सादर केला. त्यानंतर नदीचे रुंदीकरण व गाळ उपसण्याची कामे झाली, परंतु पाण्याचा रंग बदलला नाही.

श्रमदानाच्या नव्या पर्वाचा आरंभ माहीमच्या उत्तरेस वेसावे येथे झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी या दोघांनी किनाऱ्यावरील कचरा उचलण्यास प्रारंभ केला. पुढे दर आठवड्याच्या अखेरीस स्थानिक कोळी, विद्यार्थी, व्यावसायिक आणि झोपडपट्टीतील रहिवासी एकत्र येऊ लागले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने डिसेंबर २०१६ मध्ये शाह यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला. पहिल्या सुमारे ८५ आठवड्यांत ५० लाख किलोग्रॅमहून अधिक कचरा काढण्यात आल्याची नोंद आहे. मार्च २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची सुमारे ८० पिल्ले समुद्राकडे जाताना आढळली. सुमारे दोन दशकांनंतर घडलेल्या या घटनेने स्वयंसेवकांच्या श्रमास निसर्गाकडूनच पावती मिळाली, अशी भावना व्यक्त झाली.

वेसाव्याच्या उदाहरणानंतर माहीमच्या उपसागरातही हालचाल सुरू झाली. २०१७ मध्ये माहीमच्या किनाऱ्यालगत राहावयास आलेल्या एका दांपत्याने घरासमोरील वाळू स्वच्छ करण्यास सुरुवात केली आणि सुटीच्या दिवशी अन्य नागरिक त्यांना येऊन मिळू लागले. त्याच वर्षी गणेश विसर्जनानंतरचे दृश्य पाहून मल्हार कळंबे या महाविद्यालयीन तरुणाने दादरच्या किनाऱ्यावर 'बीच प्लीज' ही मोहीम सुरू केली व ती पुढे मिठीच्या काठापर्यंत नेली. २०१७ मध्येच 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू झाला. त्यातील अभ्यासक ओहोटीच्या वेळी नागरिकांना खडकाळ किनाऱ्यावर नेऊन तेथील प्रवाळ, समुद्रगोगलगायी, खेकडे आणि अन्य जीव दाखवू लागले. किनारा म्हणजे केवळ घाण, ही समजूत त्यामुळे दूर होण्यास मदत झाली. ज्याची ओळख नाही त्याचे रक्षण करण्याची इच्छा होत नाही, हे लक्षात घेता या उपक्रमाचे महत्त्व कचरा उचलण्याइतकेच आहे.

श्रमदानाची कसोटी :

नोव्हेंबर २०१७ मध्ये वेसाव्याची मोहीम काही दिवस थांबली. स्वयंसेवकांना धमकावले जात असल्याची आणि गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नसल्याची तक्रार करून अफरोज शाह यांनी ती स्थगित केल्याचे जाहीर केले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लक्ष घातल्यानंतर ती पुन्हा सुरू झाली. इतिहासाच्या अभ्यासकास ही घटना पुरस्कारापेक्षा अधिक बोलकी वाटते. स्वयंसेवक वाळूतील कचरा उपसून ढीग करू शकतात. तो ढीग हलविण्यासाठी यंत्र, वाहन आणि कचराभूमी लागते व ती महापालिकेकडेच असते. म्हणजे श्रमदान शासनयंत्रणेला पर्याय नाही, ते तिच्यावरच अवलंबून आहे.

यातून एक गंभीर आक्षेप पुढे येतो. किनारा स्वच्छ ठेवणे हे महापालिकेचे कर्तव्य आहे व त्यासाठी नागरिक कर भरतात. ते काम नागरिकांनी फुकट केले तर यंत्रणेस आपली जबाबदारी विसरण्याची मोकळीक मिळते. हा आक्षेप निराधार नाही. त्याच वेळी, किनाऱ्यावरील सफाई कामगार हेच काम वर्षानुवर्षे करतात व त्यांच्या श्रमास छायाचित्र वा सन्मान मिळत नाही, याचेही भान ठेवावे लागते.

परंतु आक्षेपाची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागेल. दर आठवड्याला त्याच जागी येणारा मनुष्य हळूहळू त्या जागेचा जाणकार होतो. कोणत्या नाल्यातून काय येते, पावसाळ्यात कोणता कचरा वाढतो, वाळूत रुतलेले कापड व पिशव्या किती खोल गेल्या आहेत, हे त्याला अनुभवाने कळते. हे ज्ञान कार्यालयातील नोंदींत नसते. शाह यांचे सहकारी वेसाव्याहून मिठी नदीकडे वळले, यामागे हेच ज्ञान होते. किनारा कितीही उपसला तरी नदी तो पुन्हा भरते, हे कळल्यावर मोहीम प्रवाहाच्या उलट दिशेने, उगमाकडे जाऊ लागली. श्रमदानाच्या इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे वळण मानावे लागेल.

उचलता न येणारे प्रदूषण :

माहीमच्या पाण्याचा खरा प्रश्न डोळ्यांना दिसणाऱ्या कचऱ्यापलीकडचा आहे. प्रक्रिया न झालेले वा अपुरी प्रक्रिया झालेले सांडपाणी हाताने उचलता येत नाही. त्यासाठी मलवाहिन्या आणि प्रक्रिया केंद्रे लागतात. वांद्रे व वरळी येथून सांडपाणी समुद्रात दूरवर सोडणाऱ्या वाहिन्या बांधल्या गेल्या. परंतु त्यामुळे घाण किनाऱ्यापासून लांब गेली, नाहीशी झाली नाही. १९ जानेवारी २०२३ रोजी मुंबईतील ७ सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. वांद्रे, धारावी, वरळी, वेसावे, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथील या केंद्रांचा अपेक्षित खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये आणि एकत्रित क्षमता प्रतिदिन २,४६० दशलक्ष लिटर इतकी आहे. या आकड्यांसमोर कितीही मोठे श्रमदान अल्प ठरते.

तथापि केवळ निधीने प्रश्न सुटतो, असेही म्हणता येत नाही. मिठीतील गाळ उपसण्याच्या कामातील कथित गैरव्यवहाराबाबत २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला. प्रकरणाचा निर्णय न्यायालय करील. कागदावर उपसलेला गाळ प्रत्यक्षात उपसला गेला की नाही, हा प्रश्न मात्र तेथे रोज पाहणाऱ्या डोळ्यांची गरज अधोरेखित करतो.

परदेशातील दोन उदाहरणे :

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को उपसागराचे उदाहरण माहीमशी तुलना करण्याजोगे आहे. तेथेही भराव आणि सांडपाणी यांनी उपसागर आक्रसत चालला होता. १९६१ मध्ये के केर, सिल्व्हिया मॅक्लॉक्लिन आणि एस्थर ग्युलिक या तीन महिलांनी तो वाचविण्यासाठी संघटना स्थापन केली. अल्प वर्गणीचे हजारो सभासद हे तिचे बळ होते. अवघ्या ४ वर्षांत, १९६५ मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून उपसागरातील भरावावर नियंत्रण ठेवणारा आयोग नेमला. मुंबईत किनाऱ्यासाठी याचिका करणारे आणि कचरा उचलणारे हे बहुधा वेगळे लोक राहिले. सॅन फ्रान्सिस्कोत लोकसंघटन आणि कायदा यांची सांगड प्रारंभीच घातली गेली.

दुसरे उदाहरण १९८६ चे आहे. टेक्सास राज्यात लिंडा मरानिस आणि कॅथी ओहारा यांनी सुमारे २,८०० स्वयंसेवकांसह किनारा स्वच्छता मोहीम घेतली. त्यांनी स्वयंसेवकांना पोत्याबरोबर एक नोंदपत्र दिले आणि उचललेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करावयास सांगितले. त्यातूनच दर सप्टेंबरमध्ये होणारा आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन आकारास आला. भारतात त्याचे संयोजन तटरक्षक दल करते. नोंद ठेवल्यामुळे कचरा हा पुरावा बनतो, हे या उदाहरणाचे सार होय.

निष्कर्ष :

१) माहीम उपसागराचे प्रदूषण ही एका पिढीची निष्काळजी नसून बांध, भराव, नियोजनशून्य उद्योग आणि मलवाहिन्यांपासून वंचित राहिलेल्या वस्त्या यांचा दीर्घ परिणाम आहे.
२) कोळीवाडे, याचिकाकर्ते आणि श्रमदान करणारे स्वयंसेवक हे तीन प्रवाह बहुतांशी समांतर चालले. कोळ्यांकडे हक्क व अनुभव, याचिकाकर्त्यांकडे कायद्याचे ज्ञान आणि स्वयंसेवकांकडे मनुष्यबळ होते. तिन्हींचा संगम क्वचितच झाला.
३) श्रमदानाने घनकचऱ्याच्या प्रश्नावर दृश्य यश मिळविले. सांडपाण्याच्या प्रश्नावर त्याचा प्रत्यक्ष उपयोग नाही. अप्रत्यक्ष उपयोग साक्षीदार म्हणून आहे.
४) श्रमदान महापालिकेस कर्तव्यातून मुक्त करीत असेल तर ते घातक ठरते, कर्तव्याची आठवण करून देत असेल तर उपकारक ठरते. हा भेद नोंदी आणि पाठपुरावा यांवर अवलंबून आहे.
५) मोहीम किनाऱ्यावरून उगमाकडे वळते, तेव्हाच ती परिपक्व होते.

समारोप :

माळेगाव बुद्रुकसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावात या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न संभवतो. त्याचे उत्तर भूगोलात आहे. कऱ्हेचे पाणी नीरेस मिळते. नीरा इंदापूर तालुक्यातील नीरा-नरसिंहपूर येथे भीमेस मिळते, भीमा कृष्णेस आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. ओढ्यात टाकलेली पिशवी माहीमला जात नसली तरी कोणत्या तरी उपसागराच्या वाटेवर असतेच. मिठीच्या काठावर जे कुर्ला आणि साकीनाका यांचे स्थान, तेच कृष्णेच्या संदर्भात बारामती व इंदापूर या तालुक्यांचे आहे. प्रदूषण सोसणारा कोळी येथून दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी होतात, ओढे व घाट झाडले जातात, छायाचित्रे निघतात आणि अहवाल सादर होतो. माहीम व वेसावे येथील अनुभवातून या शिबिरांसाठी काही सूचना करता येतात. एकाच जागेची निवड करून तेथे वर्षभर जावे. उचललेल्या कचऱ्याचे प्रकारनिहाय वजन लिहून ठेवावे. तो कोठून येतो याचा शोध प्रवाहाच्या उलट दिशेने घ्यावा. ती नोंद ग्रामपंचायतीस वा नगरपरिषदेस लेखी द्यावी आणि पुढील वर्षीच्या तुकडीने तिचा पाठपुरावा करावा. नदीवर उपजीविका असणाऱ्या मच्छीमारांना व शेतकऱ्यांना या कामात आरंभापासून सामील करावे. असे झाल्यास श्रमदान हे एका दिवसाचे पुण्यकर्म न राहता स्थानिक इतिहासाचे साधन बनेल. पुढील अभ्यासकास या नद्यांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास, विद्यार्थ्यांच्या त्या वह्या त्याच्या हाती असतील.